बंदुकीचा परवाना आणि शेताची जागल



आजच्या भाषणाचा विषय बंदूक हा आहे. ज्याने सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविला त्या निवृत्त शाळामास्तराने या विषयावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु ज्या मुलखात मी राहतो तेथे हा प्रश्न वर्तमानपत्री वादाचा नसून पोटापाण्याचा आहे. वैशाखरे हे आमचे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. या बाजूस भातखाचरे संपली की वरकस लागते आणि वरकस संपली की जंगल. आश्विनात भात निसवून लोंबीत दूध भरू लागले, वर नागली-वरई उभी राहिली, म्हणजे रानडुकरांचे कळप रात्री खाली उतरतात आणि एखाद्या खाचराची अशी दशा करून जातात की सकाळी मालकाने विळा घेऊन जाण्याचे कारणच उरत नाही. म्हणून कुणबी असो, ठाकूर असो, महादेव कोळी असो की कातकरी असो, ज्याचे म्हणून काही शेतात उभे आहे तो माळा घालून रात्रभर जागल करतो. पत्र्याचा डबा, गोफण, हातबत्ती आणि स्वतःचा घसा एवढीच त्याची आयुधे. त्या दिवसांत वर्गात पेंगणारी मुले कोणत्या घरची आहेत हे मला हजेरीपट न उघडताही सांगता येत असे.

या माणसाच्या हाती बंदूक असावी काय? आणि असावी तर ती त्याने हक्काने मागावी, की सरकारच्या परवानगीने? माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. बंदूक हा नागरिकाचा हक्क असू नये, असे मला वाटते; परंतु पिकाच्या राखणीसाठी कायद्याने जी सोय करून ठेवली आहे ती मात्र शेतकऱ्यास खरोखरीच मिळावी. आज स्थिती बहुधा उलट आहे. ज्याला बंदुकीची हौस आहे तो खटपट करून ती मिळवितो, आणि ज्याला गरज आहे तो डबा वाजवीत बसतो.

या देशात बंदुकीवर बंधन आले ते कसे, हे प्रथम पाहू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेची हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा अकरावा कायदा करून त्यावर कळस चढविला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. यात लोकांना सर्वांत अधिक झोंबली ती एक गोष्ट म्हणजे युरोपियनांस या कायद्यातून मिळालेली सूट. बंधन सर्वांस सारखे असते तर ते कडक म्हटले गेले असते. ते एका वर्णासच असल्यामुळे अपमानकारक झाले. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही झाला होता. तो लॉर्ड रिपनने १८८२ साली रद्द केला. लेखणी चार वर्षांत सुटली, बंदूक मात्र सुटली नाही. १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही संबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्याच्या या कृत्याची गणना इंग्रजी राज्याच्या काळ्यांतल्या काळ्या कृत्यांत केली.

त्यामुळे स्वराज्याच्या मागणीबरोबर शस्त्राच्या हक्काची मागणीही येऊन बसली यात आश्चर्य नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा, असे स्पष्ट कलम आहे. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तीच गोष्ट उपसूचनेच्या रूपाने मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. हा हक्क एकदा सरसकट दिला म्हणजे ज्यांच्या हाती शस्त्र पडू नये त्यांनाही तो बजावून मागता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उपसूचना नामंजूर झाली. म्हणून आपल्या घटनेत भाषणाचा, संचाराचा, व्यवसायाचा हक्क आहे, बंदुकीचा नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा हत्यारांविषयीच्या एका प्रकरणात हेच सांगितले, आणि अमेरिकेची स्थिती याहून निराळी आहे याची जाणीव करून दिली.

पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मला म्हणतात की, गुरुजी, इंग्रजाने आपल्याला षंढ केले आणि स्वराज्याने तेच चालू ठेवले. हे वाक्य ऐकण्यास मोठे तेजस्वी वाटते. परंतु त्याची परीक्षा मी आमच्या जिल्ह्याच्या इतिहासावर करून पाहतो, तेव्हा ते टिकत नाही.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात गेल्या शतकाच्या मागच्या शतकात ज्यांनी शस्त्र उचलले त्यांचा रोख कोणावर होता? महादेव कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्याच्यामागून १८७० नंतरच्या दशकात होन्या केंगळे उठला. हे लोक इंग्रजांशी तर लढलेच, परंतु त्यांचा मोठा राग सावकारावर होता. खतांवर अंगठे घेऊन जमिनी गिळणाऱ्या सावकारांची नाके कापल्याच्या गोष्टी सरकारी दप्तरांत नमूद आहेत. १८७८ चा कायदा होऊन वर्ष पुरे होते न होते तोच वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले. मे १८७९ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांपैकी दौलतराव नाईक आपल्या रामोशांसह घाट उतरून पनवेलजवळ पळस्पे गावी छापा घालून गेला. कायदा होता, त्याने बंड थांबले नाही. येथपर्यंत माझ्या त्या सुशिक्षित मित्रांचे म्हणणे खरे आहे.

आता असे समजा की तो कायदा मुळी झालाच नसता आणि बंदूक बाजारात मीठमिरचीसारखी मिळत असती. मग आमच्या गावांत ती कोणाच्या ओटीवर टांगली गेली असती? कातकऱ्याच्या झोपडीत की सावकाराच्या वाड्यात? ज्याच्याजवळ बियाण्याला दाणा नाही तो दारूगोळ्याला पैका कोठून आणणार! ती बंदूक गावात एकच असती आणि तिची नळी ऋणकोच्या छातीकडे वळलेली असती. शस्त्राचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांचे असते. प्रत्यक्षात ते विकत घेणाऱ्याचे असते. १९४५ साली याच जुन्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली, तेव्हा १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि पाच माणसे मेली. वारल्यांच्या हाती त्या वेळी बंदुका असत्या तर पाचांच्या जागी किती मेले असते, हे मला मोजवत नाही. ते जिंकले ते बंदुकीने जिंकले नाहीत. वेठ नाकारून आणि गवतकापणी थांबवून त्यांनी जमीनदारास जेरीस आणले.

आमच्या तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी तेथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने सरकारला जे खरे हैराण केले ते मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून. दर वर्षी त्या दिवशी गडावर लोक जमतात. त्या हुतात्म्यांचे नाव घेऊन कोणी बंदुकीच्या हक्काची वकिली करू लागला की मला वाईट वाटते. त्यांचे धैर्य हत्यारात साठविलेले नव्हते.

सांप्रतचा कायदा १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. १९६२ चे नियम जाऊन २०१६ साली नवे नियम आले. बंदुकीचा परवाना मागणाऱ्याचे वय २१ वर्षे पुरे असले पाहिजे. आमच्यासारख्या ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो आयुक्ताकडे जातो. जवळच्या ठाण्यातून अर्जदाराच्या वर्तनाची चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ पूर्वी तीन हत्यारे असू शकत ती संख्या दोनवर आणली; आधीच्या मसुद्यात तर एकच होती. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली, आणि वरातीत वा मिरवणुकीत आनंदाने बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. हे शेवटचे कलम मला फार पसंत पडले. आकाशात सोडलेली गोळी आकाशात राहत नाही, हे समजण्यास पदार्थविज्ञानाचा पहिला धडा पुरे आहे.

याच कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची सोय आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर तिचा परवाना द्यावा, आणि ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, असे तेथे लिहिले आहे. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू व छरे घालून गजाने ठासावे लागतात ती. एक बार झाला की पुन्हा भरण्यास वेळ लागतो. कायदा करणाऱ्यांनी ती मुद्दाम निवडली असावी. कळप उधळून लावण्यास एक बार पुरतो. माणसांचा समुदाय लोळविण्यास ती निरुपयोगी आहे. आणखी एक गोष्ट चौदाव्या कलमात आहे, ती फार थोड्यांस ठाऊक असते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. म्हणजे सावकाराच्या वाड्यातली बंदूक कातकऱ्याच्या माळ्यावर यावी, अशी वाट कायद्याने निदान अक्षरांत तरी मोकळी ठेवली आहे.

मग ती येत का नाही? एका शेतकऱ्याचा असा अर्ज मी स्वतः लिहून दिला होता. तो माणूस एका कचेरीतून दुसरीत इतक्या वेळा गेला की एस.टी.च्या भाड्यात ठासणीच्या बंदुकीची अर्धी किंमत गेली असावी. शेवटी त्याने नाद सोडला. नकार त्याला मिळालाच नाही. उत्तरच मिळाले नाही.

परंतु परवाना मिळाला तरी प्रश्न सुटत नाही, कारण या वाटेवर दरवाजे दोन आहेत. बंदुकीचा दरवाजा जिल्हाधिकाऱ्याकडे, रानडुकराचा वनखात्याकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुक्कर हा संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याने उभ्या पिकाचा नाश चालविला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. त्यावाचून परवान्याच्या बंदुकीने मारलेले डुक्करही शिकारच ठरते. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचविताना ते मेले तर गुन्हा नाही, ही गोष्ट निराळी. त्यातही अभयारण्याच्या दहा किलोमीटरांच्या आत नवा बंदूक-परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीखेरीज देता येत नाही. शहापुराकडे तानसा अभयारण्य आहे. आमच्या डोंगररांगेवर एका अंगास भीमाशंकर, दुसऱ्या अंगास कळसूबाई-हरिश्चंद्रगड. या कलमाच्या कक्षेत येथील कितीतरी पाडे येतात. हे कलम मी चुकीचे म्हणत नाही. अभयारण्याच्या कुंपणाशी बंदुका वाटणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याशी मुंगसे बांधणे होय. परंतु शेतकऱ्यास हे दोन दरवाजे एकमेकांपासून चाळीस-पन्नास मैलांवर आहेत असे वाटते, आणि एकातला कारकून दुसऱ्याकडे बोट दाखवितो, हे मात्र खरे.

कायद्याची सरळ वाट अशी लांबली की माणूस आडवाटेस लागतो. कोणी विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार ओढतो. तिला डुक्कर चिकटते, गाय चिकटते, आणि पहाटे शौचास गेलेला शेजारीही चिकटतो. कोणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून रानात ठेवतो. आणि कोणी बिनपरवान्याची गावठी बंदूक काळोखात बाहेर काढतो. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काय झाले ते आपण वाचले असेल. रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांच्या टोळीत डुक्कर समजून झाडलेली गोळी आपल्याच सोबत्यास लागली, तो मरण पावला, आणि भ्यालेल्या साथीदारांनी ही गोष्ट दडवून प्रेत रानात लपविले, असे पोलिसांच्या तपासात निघाले. २०१४ पर्यंत तो मुलूख आमच्याच जिल्ह्यात होता. तेथले लोक आमच्याच जातकुळीचे. ते कोणी खुनी नव्हेत. परवान्याची बंदूक, उजेडात ठरलेली राखण आणि कोण कोठे उभा आहे याची शिस्त असती तर ती गोळी सुटली नसती, आणि सुटली असती तरी जखमीस उचलून दवाखान्यात नेण्यास कोणी कचरले नसते.

बंदुकीवरचे नियंत्रण म्हणजे केवळ नकार, असे समजणारे अधिकारी आणि बंदुकीचे स्वातंत्र्य म्हणजेच संरक्षण, असे समजणारे गृहस्थ, या दोघांनाही मी बोरशेतीचे उदाहरण देतो. जिनेव्हाच्या एका अभ्यासमंडळाने २०१७ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात खाजगी माणसांजवळ सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात. त्यांपैकी सरकारी नोंदीतल्या अवघ्या ९७ लाख. म्हणजे कायद्याची सारी कडक नजर ज्यांच्यावर आहे ते सातांत एक, आणि उरलेले सहा अंधारात. अर्जदार बिचारा स्वतःहून दिव्याखाली येऊन उभा राहतो, म्हणून त्याचीच झडती घेणे सोपे जाते.

तरीही घरोघर बंदूक असावी या मताकडे मी वळत नाही, आणि त्याचे कारण चोर किंवा डुक्कर हे नसून आपला राग हे आहे. आमच्या खेड्यांत भांडणे कशावरून होतात? बांधावरून, वाटेवरून, सामाईक विहिरीवरून. आज ती शिवीगाळीत किंवा फार तर काठीवर संपतात आणि दुसऱ्या वर्षी लावणीला तीच दोन घरे एकमेकांच्या पडकईला जातात. काठीने फुटलेले डोके शिवता येते. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, प्रत्यक्ष अधिकाऱ्याच्या खोलीत, एका आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुळातला तंटा जमिनीचाच होता. जेथे चारी बाजूंस पोलीस उभे आहेत तेथेही जर कमरेचे हत्यार हात थांबू देत नाही, तर दोन बांधांच्या मध्ये, संध्याकाळच्या वेळी, पोटात दारू असताना काय होईल?

अमेरिकेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क घटनेत आहे, आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क म्हणून ठरविला. त्या देशात आज माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत, आणि शाळेत मुलांना गोळीबार झाल्यास बाकाखाली कसे लपावे याची कवायत शिकवावी लागते. मी भूकंपाची कवायत घेतली आहे. ही दुसरी कवायत घेणाऱ्या शिक्षकाच्या जागी स्वतःस कल्पिणेही मला जमत नाही. याउलट ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर सरकारने सहा लाखांवर बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. परंतु तेथील शेतकऱ्यास खरी गरज दाखवून बंदूक आजही मिळते. मला हा मार्ग आपल्याजवळचा वाटतो.

कोणी कोडगूचे उदाहरण देतात. कर्नाटकातील त्या जिल्ह्यात कोडव लोकांस आणि जम्मा जमिनीच्या धारकांस १८६१ पासून परवान्याची माफी आहे. ती २०२९ पर्यंत वाढविली गेली असून कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली उचलूनही धरली. तेथे बंदूक घरच्या देव्हाऱ्याइतकी पूज्य मानतात असे ऐकतो. असू द्या. आमच्याकडे खंडेनवमीस कोयता, विळा आणि नांगराचा फाळ पुजतात, आणि वाघबारसेस ज्या वाघाची भीती त्यालाच नैवेद्य दाखवितात. जन्मावरून माफी मिळावी असे मी आमच्या लोकांसाठी मागणार नाही. १८७८ च्या कायद्यात आपणांस बोचले ते जन्मावरून केलेले अंतरच होते.

मी मागतो ते साधे आहे. जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक मोठ्या गावास, ग्रामसभेने निवडलेल्या आणि हत्यार हाताळण्याचे शिक्षण घेतलेल्या दोघा-तिघांच्या नावे राखणीचे परवाने असावेत. बंदुका वर्षाचे नऊ महिने पोलीस ठाण्यात कुलपात राहाव्यात आणि पीक निसवण्याच्या सुमारास नोंद करून बाहेर निघाव्यात. त्यांच्याबरोबर वनखात्याची परवानगीही त्याच कागदावर, त्याच दिवशी मिळावी. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घेण्याची वहिवाट आहेच. म्हणजे कुलपे, खोल्या आणि नोंदवह्या नव्याने आणावयास नकोत. सौर कुंपणास सरकारची मदत आहे, त्याचा झटका बसतो पण प्राण जात नाही. ज्याच्या दोन-चार एकरांस ते परवडेल त्याने बंदुकीच्या वाटेस जाऊच नये. बिबट्यासाठी तर कोणी बंदूक मागू नये. रात्री अंगणात बिबट्या दिसला असता घाबरलेल्या हाताने उडविलेला बार बहुधा त्यास जखमी करतो, आणि जखमी बिबट्या हा गावाचा कायमचा वैरी होतो. तेथे वनखात्यासच बोलवावे.

ज्यांनी आजवर अर्ज केले आणि ज्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांच्यासाठी शेवटी दोन कामाच्या गोष्टी सांगतो. अर्ज पिकाच्या राखणीसाठी आहे हे पहिल्याच ओळीत लिहावे, सोबत सातबाऱ्याचा उतारा आणि वनखात्याने पूर्वी केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या नकला जोडाव्यात, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. परवाना नाकारला गेल्यास त्याची कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यास भाग आहे, आणि सार्वजनिक हिताची बाध येत नसेल तर मागणाऱ्यास ती थोडक्यात दिलीही पाहिजेत. ती मागून घ्यावीत. त्यांवर ठरलेल्या मुदतीत वरिष्ठाकडे अपील करता येते. अर्ज लिहून देण्यास गावात कोणी मिळाले नाही तर शाळेत जावे. मास्तर नवीन असले तरी कागद आणि शाई तेथे असतेच.